गुपित राखणारा मित्र : घरात राहणाऱ्या पारलिंगी तरुणांच्या आधाराविषयी काही विचार

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी शिक्षण, नोकरी, आरोग्य अशा विषयांवर अभ्यासपूर्ण लेख येतात. यंदा आम्ही एका वेगळ्या विषयाला हात घालत आहोत. हा विषय आपल्या घरांत आहे, परंतु घरांत बोलला जात नाही. जो तरुण किंवा तरुणी आई-वडिलांच्या घरी राहते, त्यांच्याच अन्नावर शिकते, आणि आपल्या मनातील लिंगभाव मात्र सर्वांपासून लपवून ठेवते, तिने आधार कोठे शोधावा? आणि आपण तिचा आधार कसे व्हावे? आम्ही या विषयातील तज्ज्ञ नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लिपिकाचे काम करणारे आहोत. तरीही हा लेख लिहिणे आमचे कर्तव्य आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

१. विषय समजून घेऊ

जन्माच्या वेळी शरीराकडे पाहून मुलगा की मुलगी हे ठरवले जाते. बहुतेकांच्या मनाला ते पटते. काहींच्या मनाला ते कधीच पटत नाही. अशा व्यक्तीला आज 'पारलिंगी' किंवा 'ट्रान्सजेंडर' म्हणतात. आपल्याकडे 'तृतीयपंथी' हा शब्द रूढ आहे. तो ऐकला की सिग्नलवर किंवा लोकलमध्ये टाळी वाजवणारी मंडळी डोळ्यांपुढे येतात. परंतु प्रत्येक पारलिंगी व्यक्ती तशा समूहात राहत नाही. ती महाविद्यालयात जाते, नोकरीची परीक्षा देते, घरी भाकऱ्या थापते. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष यांखेरीज 'इतर' या रकान्यात देशात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. जी व्यक्ती घरीच काही बोललेली नाही, तिची नोंद या रकान्यात कशी होणार?

हा आजार आहे काय? नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढला आहे. तो लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला आहे, म्हणजे लागेल त्याला वैद्यकीय मदत मिळावी.

आपल्या मराठी भाषेत या मुलांची एक खास अडचण आहे. 'मी येतो' किंवा 'मी येते' यांपैकी एक निवडल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही. दिवसातून शंभर वेळा मनात एक आणि ओठांवर दुसरे, असे त्यांना बोलावे लागते.

२. आमच्या हातून झालेली चूक

आम्ही रविवारी मंडळाच्या अभ्यासिकेत बँक परीक्षेचे गणित शिकवतो. काही वर्षांपूर्वी तेथे वीस वर्षांची एक विद्यार्थिनी येत असे. गणित उत्तम. एक गोष्ट मात्र सर्वांच्या लक्षात आली होती. ती कधी 'मी' म्हणत नसे. 'काका, आम्ही हे उदाहरण सोडवलं', 'आम्ही उद्या लवकर येतो.' मुले हसत, 'तुम्ही किती जण?' असे विचारत. आम्हीही हसलो होतो.

एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर त्याने आम्हाला सांगितले, की मनाने आपण मुलगा आहोत, लहानपणापासून आहोत, आणि 'आम्ही येतो' म्हटले की खोटे बोलावे लागत नाही. (येथून पुढे आम्ही 'तो' असेच लिहितो, कारण त्याची तशी इच्छा आहे.) 'काका, घरी कुणाला सांगू नका,' एवढेच त्याने मागितले.

आम्ही ऐकून घेतले, धीर दिला. आणि आठवड्याभराने त्याच्या मामांना विश्वासात घेऊन सांगितले. आमचा हेतू वाईट नव्हता. घरच्यांना ठाऊक असावे, मामा समजूतदार आहेत, असे आम्हाला वाटले. परिणाम असा झाला, की त्याचा मोबाईल गेला, अभ्यासिका बंद झाली, आणि तातडीने स्थळे पाहणे सुरू झाले. पदवीचे शेवटचे वर्ष बुडण्याची वेळ आली. अखेर त्याची आत्या उभी राहिली. तिने कोणाशी वाद घातला नाही. 'परीक्षा होईपर्यंत लेकरू माझ्याकडे राहू दे, माझ्या गुडघ्यांना आराम,' एवढेच ती म्हणाली आणि घेऊन गेली. तिला सर्व ठाऊक होते. तिने ते दोन वर्षे पोटात ठेवले होते.

पदवी झाली. आज तो दुसऱ्या गावी नोकरी करतो. हा लेख त्याच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने लिहिला आहे. आम्ही क्षमा मागितली, तेव्हा तो म्हणाला, 'काका, तुम्ही वाईट नव्हतात. तुम्ही फक्त थांबला नाहीत.' हे वाक्य आमच्या मनातून जात नाही.

३. आपल्या वाङ्मयात काय आहे

हा विषय पाश्चात्त्यांकडून आला असे काही जण म्हणतात. त्यांनी विनयपिटक पाहावे. पाराजिक प्रकरणात एक प्रसंग आहे. एका भिक्खूच्या शरीरावर स्त्रीचे लक्षण प्रकटले. तथागतांनी त्याला संघाबाहेर काढले नाही. तेच उपाध्याय, तीच उपसंपदा, तीच ज्येष्ठता कायम ठेवून भिक्खुणींमध्ये राहण्याची अनुज्ञा दिली. विनयात काही व्यक्तींना उपसंपदा नाकारणारे नियमही आहेत, हे आम्ही लपवत नाही. परंतु वरील प्रसंगही तेवढाच खरा आहे.

धम्मपदाच्या अट्ठकथेत सोरेय्य नावाच्या श्रेष्ठीपुत्राची कथा आहे. तो एकाएकी स्त्री झाला, लाजेने मित्राला न सांगता रथातून उतरला आणि एका तांड्याबरोबर तक्षशिलेस निघून गेला. पुढे त्याच्या गावचा एक जुना मित्र तेथे आला. सोरेय्याने त्याला ओळखले, घरी बोलावले आणि सर्व सांगितले. मित्राने धिक्कार केला नाही, मार्ग दाखवला. कथेत हा बदल वाईट विचाराचे फळ म्हणून सांगितला आहे. ते आम्ही मानत नाही. कोणाचाही लिंगभाव ही शिक्षा नव्हे. परंतु लाजेने घर सोडणे आणि एका मित्राजवळ मन मोकळे होणे, हा भाग आजही जसाच्या तसा घडतो.

सिगालोवाद सुत्तात सुख-दुःखात समान राहणाऱ्या मित्राची लक्षणे दिली आहेत. तो आपले गुपित सांगतो, मित्राचे गुपित राखतो आणि संकटात साथ सोडत नाही. आम्ही हे सुत्त अनेकदा वाचले होते. गुपित राखणे ही साधी गोष्ट आम्हाला जमली नाही, त्या आत्याला जमली.

४. सांगावे काय? कोणाला?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी या परिस्थितीत असेल, तर पुढील गोष्टी शांतपणे विचारात घ्या.

(अ) सांगणे हे तुमच्यावर कर्ज नाही. न सांगणे म्हणजे फसवणूक नव्हे. कधी, कोणाला, किती सांगायचे हे तुम्हीच ठरवायचे आहे.

(आ) आधी स्वतःला विचारा : उद्या घरात कळले आणि वाईटात वाईट घडले, तर रात्री झोपायला जागा आहे काय? फी कोण भरते? या प्रश्नांना उत्तर नसेल, तर घाई करू नका. वाट पाहणे हा भित्रेपणा नव्हे.

(इ) पहिला माणूस पारखून निवडा. लोकलमध्ये तृतीयपंथी व्यक्ती आली की तो काय बोलतो? दुसऱ्यांची गुपिते तो तुम्हाला सांगतो काय? सांगत असेल, तर तुमचेही कोणाला तरी सांगेल. नात्याने जवळचा तोच मनाने जवळचा असेल असे नाही.

(ई) सांगताना तीन गोष्टी स्पष्ट बोला : हे कोणाला सांगायचे नाही, मला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, आणि आत्ता मला सल्ला हवा आहे की फक्त ऐकून घेणे हवे आहे.

(उ) स्थळे येऊ लागली, तर 'शिक्षण पूर्ण होऊ द्या', 'नोकरी लागू द्या' ही कारणे खरी आणि पुरेशी आहेत. पालकांनीही ध्यानात घ्यावे, की सिगालोवाद सुत्तात मुलांचे लग्न करून देणे हे आई-वडिलांचे कर्तव्य सांगितले आहे, पण ते अनुरूप जोडीदाराशी. जेथे अनुरूपता नाही, तेथे दोन जिवांचे नुकसान होते.

५. घराबाहेरचा आधार

मन फार खचले, जीव नकोसा वाटला, तर थांबू नका. १४४१६ हा 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, ती विनाशुल्क आहे आणि मराठीत बोलता येते. घरातला फोन सामाईक असेल, तर महाविद्यालयातून किंवा विश्वासू मित्राच्या फोनवरून बोलावे.

डॉक्टरांकडे गेलात, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलेला आहे. 'उपचार करून मुलगा सरळ करतो' असे कोणी सांगितल्यास तेथून उठावे. अशा तथाकथित उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. तसेच ऐकीव माहितीवर औषधाच्या दुकानातून संप्रेरकाच्या गोळ्या आणून गुपचूप घेऊ नयेत. त्यांनी रक्तात गुठळ्या होण्यासारखे धोके संभवतात. हा उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावा.

मुंबईत 'हमसफर ट्रस्ट' १९९४ साली स्थापन झाला. मालाडच्या 'सखी चारचौघी'चे काम गौरी सावंत यांनी उभे केले. त्यांनी स्वतः तरुणपणी पुण्यातील घर सोडले होते. पुढे त्या सर्वोच्च न्यायालयातील लढ्यातही सहभागी झाल्या. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली 'समपथिक ट्रस्ट' स्थापला आणि या विषयावर सोप्या मराठीत पुस्तके लिहिली. त्यांचे 'मानवी लैंगिकता : एक प्राथमिक ओळख' हे पुस्तक आपल्या वाचनालयात असावे. पालकांसाठी 'स्वीकार' नावाचा पालकांचाच गट आहे. आपल्यासारखे आई-वडील आणखी आहेत हे कळले, की पालकांचाही निम्मा भार उतरतो.

६. कायदा काय म्हणतो

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्यात निकाल दिला. आपला लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क संविधानाच्या मूलभूत हक्कांत येतो, असे त्यात स्पष्ट केले. पुढे संसदेने २०१९ साली पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ मध्ये आई-वडील राहतात त्या घरात राहण्याचा हक्क दिला, आणि घराबाहेर काढता येणार नाही असे म्हटले. घर सोडण्यास भाग पाडणे, मारहाण किंवा छळ करणे यांस कलम १८ मध्ये सहा महिने ते दोन वर्षे कैद व दंड सांगितला. ओळखपत्र मिळवण्याचे नियम मात्र बदलू शकतात. म्हणून अर्जापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चालू नियम विचारून घ्यावेत.

या प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला विनामूल्य वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेले अनुसूचित जातींचे लोकही त्यात येतात. आपल्या बहुतेक घरांत ही सोय उपलब्ध आहे आणि फार थोड्यांना ती माहीत आहे.

घर सोडण्याशिवाय गत्यंतरच उरले नाही, तर केंद्र सरकारची 'गरिमा गृह' ही निवारा योजना आहे. तिचे पहिले केंद्र नोव्हेंबर २०२० मध्ये वडोदरा येथे सुरू झाले. परंतु रिकाम्या हाताने अपरात्री घर सोडू नये. आधी संस्थेशी बोलावे, मगच पाऊल उचलावे.

७. चार कागद आणि एक पासबुक

हा आमच्या रोजच्या कामाचा विषय आहे, म्हणून दोन शब्द. अठरा वर्षे पूर्ण झाली की स्वतःच्या एकट्याच्या नावाने खाते उघडा. खात्याला जोडलेला मोबाईल क्रमांक कोणाचा आहे ते पाहा. तो वडिलांचा असेल, तर तुमच्या प्रत्येक व्यवहाराचा संदेश त्यांच्याकडे जातो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधार यांच्या प्रती विश्वासू व्यक्तीकडे ठेवा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१५ मध्ये परिपत्रक काढून अर्जांत 'तृतीय लिंग' हा पर्याय ठेवण्यास बँकांना सांगितले. तो रकाना भरण्याची घाई मात्र करू नका. घरी येणाऱ्या पाकिटावर काय छापले जाईल, याचा आधी विचार करा. आणि शिक्षण सोडू नका. स्वतःच्या पगाराचे पासबुक हाती आले, की घरातील बोलणीही बदलतात.

८. आपण काय करावे

मंडळाच्या सभासदांना आमची एवढीच विनंती आहे. उद्या एखादे मूल तुमच्याजवळ येऊन मन मोकळे करील. तेव्हा त्याला उपदेश करू नका, आणि कितीही चांगल्या हेतूने ती गोष्ट पुढे नेऊ नका. जीवाला धोका दिसला, तर मदत जरूर बोलवा, पण त्यालाच विचारून, त्याला बरोबर घेऊन. एरवी थांबा. त्याने सांगितले तेवढेच ऐका. ते जे नाव सांगेल त्या नावाने, एकांतात का होईना, हाक मारा. सभेत, लग्नात, नाक्यावर या विषयावर विनोद झाला, तर हसू नका. तुम्ही हसता की नाही, हे कोपऱ्यात बसलेले एक मूल पाहत असते आणि त्यावरूनच तुमच्याकडे यावे की नाही ते ठरवते.

आमच्या अभ्यासिकेत आता कोणी 'आम्ही' म्हणून बोलले, तर 'किती जण?' असे कोणी विचारत नाही.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. गुपित राखणे आणि संकट लपवणे यांत फरक कोणता?
२. या लेखातील मामांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?
३. आपल्या अभ्यासिकेत असा विद्यार्थी निर्भयपणे येऊ शकेल काय? नसल्यास कोणती एक गोष्ट उद्यापासून बदलता येईल?