माशांवरील व्रण आणि जिवाणूंचे वंशभेद : आश्विन ते मार्गशीर्षाचा सल्ला

पर्जन्यकाळ सरला, की धाकटी डहाणूकडील खाडीलगतच्या तळ्यांत क्षारता पुन्हा चढू लागते. तलासरीकडील गोड्या पाण्याच्या शेततळ्यांत वाहून आलेला पालापाचोळा तळाशी कुजू लागतो. आश्विनातील उन्हाने पाणी तापते आणि मार्गशीर्षातील रात्रींनी ते निवते. ऋतुसंधीच्या या ताणाने माशांची प्रतिकारशक्ती क्षीण होते, आणि खवले उठणे, तांबडे चट्टे पडणे, कल्ले सडणे, पर झडणे अशी लक्षणे याच सुमारास दिसू लागतात.

अशा वेळी शेजाऱ्याच्या तळ्यात ज्या औषधाने गुण आला तेच आपल्याही तळ्यात ओतण्याचा प्रघात घातक आहे, कारण व्रण एकसारखे दिसले तरी त्यांचे कर्ते भिन्न असतात. गोड्या पाण्यातील रोहू-कटल्याच्या अंगावर बहुधा एरोमोनास जिवाणू असतो. निमखाऱ्या पाण्यातील जिताड्यावर व्हिब्रिओ हार्वेयी आढळतो. आणि १९८८ साली भारतात शिरलेल्या व्रणरोगाचे मूळ तर जिवाणूत नसून अफॅनोमायसिस या बुरशीसदृश जीवात आहे, ज्यावर जिवाणूनाशक औषध मुळीच चालत नाही.

याहून सूक्ष्म भेद जिवाणूच्या कुळातच असतो. कल्ले व कातडी कुजविणाऱ्या फ्लॅव्होबॅक्टेरियम कोलम्नेरचे वर्णन डेव्हिस या शास्त्रज्ञाने १९२२ साली केले, आणि पुढे शतकभर तो एकच जिवाणू मानला गेला. परंतु जनुकपरीक्षेअंती २०२२ साली त्याचे चार स्वतंत्र जातींत विभाजन झाले, त्यांपैकी एक मुख्यत्वे तिलापियात सापडते. अमेरिकेतील अलाबामा प्रांतात २००९ पासून मार्जारमत्स्यांचा संहार करणाऱ्या एरोमोनास हायड्रोफिलाच्या उग्र वंशाचे मूळही जनुकपरीक्षेनेच आशियाकडे असल्याचे दिसून आले. एकाच नावाच्या जिवाणूंत कोणी सौम्य तर कोणी संहारक असतो. शिवाय औषधास न जुमानण्याचे जनुक एका जिवाणूतून दुसऱ्यात, प्रसंगी परजातीतही, संक्रांत होते. सबब अर्धवट मात्रेत दिलेले प्रतिजैविक रोग हटवीत नाही, उलट दुर्दम्य वंश तेवढे निवडून वाढविते. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांना तर मत्स्यसंवर्धनात कायद्याने मनाई आहे.

म्हणून व्रण दिसताच प्रथम खाद्य कमी करावे, पहाटेच्या वेळी पाण्यातील प्राणवायू मोजावा, आणि नुकतीच लक्षणे दिसू लागलेले चार-पाच जिवंत मासे व दोन निरोगी मासे वेगवेगळ्या पिशव्यांत, तळ्याच्याच पाण्यात प्राणवायू भरून, तपासणीस पाठवावेत. मेलेल्या माशावर कुजविणाऱ्या जिवाणूंचा अंमल बसत असल्याने खरा कर्ता हाती लागत नाही. सोबत पाण्याची क्षारता, बीज कोठून आणले, कोणते औषध किती दिवस घातले, याची खरी कैफियत लिहून द्यावी. कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्राशी अथवा मत्स्यव्यवसाय विभागाशी विचारविनिमय करून, वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेसारख्या तज्ज्ञ संस्थेकडून जिवाणूची जात व औषधाप्रती त्याची संवेदनक्षमता तपासून घेण्याची तजवीज करावी, आणि अहवाल येईपर्यंत प्रतिजैविकास हात लावू नये.

प्रतिबंधाचे नियम साधेच आहेत. नवे बीज परस्पर तळ्यात न सोडता काही दिवस निराळे ठेवावे. गोड्या पाण्यातील बोटुकली वीस लिटर पाण्यात अर्धा किलो मीठ घालून दोन-तीन मिनिटे बुडवून घ्यावी, मासे कलंडू लागल्यास ताबडतोब बाहेर काढावेत. प्रत्येक तळ्याचे जाळे वेगळे असावे व वापरानंतर कडक उन्हात वाळवावे. मेलेले मासे खाडीत न फेकता चुना घालून पुरावेत. आणि रोगी तळ्याचे पाणी ओढ्यात सोडू नये, कारण त्याच ओढ्यावर खालच्या शेतकऱ्याचा पंप बसलेला असतो.

डहाणू-तलासरीतील मत्स्यसंवर्धक बंधुभगिनींना आग्रहाची विनंती आहे, की त्यांनी तळ्यागणिक रोगाची नोंदवही ठेवावी व ती परस्परांना दाखवावी. कोणत्या जलाशयात कोणता वंश नांदतो याचे ज्ञान झाले, तरच औषधावरील खर्च सार्थकी लागेल.