हेडफोन स्वस्त घ्या, पण कानात नीट बसणारा घ्या

परीक्षा जवळ आल्या की वस्तीतल्या आया आम्हाला हमखास विचारतात, "ताई, पोरगा दिवसभर कानात वायर घालून बसतो, कान जाईल का हो त्याचा?" पोरांचा प्रश्न वेगळा असतो. पाचशेच्या आत चांगला वाजणारा हेडफोन कोणता? आम्हाला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. हेडफोन चांगला असेल तर आवाज वाढवावा लागत नाही, आणि आवाज वाढवावा लागला नाही तर कान वाचतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर बाजारहाटाची गोष्ट.

दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू, शेजारी मिक्सर, दारातून रिक्षा जातेय, आणि त्याच खोलीत बारावीचा किंवा पोलीस भरतीचा अभ्यास मोबाइलवर चाललेला. अशा घरात हेडफोन म्हणजेच अभ्यासाची खोली. त्यामुळे "वापरूच नका" हा सल्ला आम्ही देत नाही. अडचण पुढे आहे. हेडफोन कानात सैल बसला की बाहेरचा गोंगाट आत शिरतो, शिकवणाऱ्याचे शब्द कळत नाहीत, आणि मुलं आवाज वाढवत नेतात.

आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसासारखी टोकं असलेल्या सुमारे १५ हजार पेशी असतात. आवाजाची थरथर पकडून त्या मेंदूकडे पाठवतात. सतत मोठा आवाज पडला की त्या आधी थकतात आणि मग मरतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही, त्यावर गोळी नाही, ऑपरेशन नाही. आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात. त्यामुळे 'स', 'श', 'फ' अशी अक्षरं निसटतात आणि माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही." पोलीस आणि सैन्य भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कानही तपासतात, हे भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी लक्षात ठेवावं.

जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा सांगितली आहे. मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, लहान मुलाला ७५ डेसिबल तेवढाच वेळ. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, आणि १०० डेसिबलला आठवड्याभरात जेमतेम २० मिनिटं. हाच हिशेब उलटा करून बघा. कानात नीट बसणाऱ्या हेडफोनमुळे आवाज फक्त ६ डेसिबल कमी ठेवता आला, तरी ऐकण्याचा सुरक्षित वेळ चौपट होतो. घरात मोजायचं यंत्र कुणाकडे असणार? मग साधी खूण अशी: हेडफोन लावलेल्या मुलाशी हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोला. त्याला काहीच ऐकू आलं नाही, किंवा शेजारच्याला त्याचं गाणं ऐकू येत असेल, तर आवाज जास्त आहे. मोबाइलवरची आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या पुढे नेऊ नये आणि तासाभराने कानाला दहा मिनिटं सुट्टी द्यावी.

आता पैशाचं. महाग म्हणजे चांगला आवाज, असं दुकानदार सांगतो आणि आपल्यालाही ते पटतं. जेरोन ब्रीबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोन मोजून पाहिले. बारीक-जाड सूर हेडफोन कसे वाजवतो आणि त्याची किंमत काय, यांचा काही संबंध त्यांना सापडला नाही. महागात मजबुती, नाव, सोयी मिळतात. गरीब घराने हे निर्धास्तपणे कानावर घ्यावं.

स्वस्तात चांगला आवाज मिळवायची पहिली वाट म्हणजे वायरवाला हेडफोन. त्यात बॅटरी नाही, ब्लूटूथचं यंत्र नाही, म्हणून तुमचा पैसा आवाजाच्या भागावर जातो. ब्लूटूथवाल्याची छोटी बॅटरी दोन-तीन वर्षांत दम तोडते आणि ती बहुतेक बदलता येत नाही. वायर तुटते ती बहुतेक वेळा पिनेजवळ, आणि मोबाइल दुरुस्तीवाला नवी पिन डाग देऊन बसवतो. मात्र तुमच्या फोनला गोल पिनेची जागा आहे की फक्त टाइप-सी, ते आधी बघा. टाइप-सीचे स्वस्त जोड प्रत्येक फोनला चालत नाहीत. दुकानातच लावून बघा, घरी नेऊन नाही.

दुसरी वाट रबराच्या टोप्यांची. कानात जाणाऱ्या हेडफोनबरोबर लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन जोड्या येतात. बहुतेक घरांत मधली जोडी लावलेलीच राहते आणि बाकीच्या पिशवीसकट हरवतात. खरं तर सगळी गोम तिथेच आहे. टोपी कानाच्या भोकात घट्ट बसली तरच ढोलकीची थाप भरदार येते आणि बाहेरचा आवाज १५-२० डेसिबलने दबतो. सैल बसली तर पाच हजारांचा हेडफोनही पत्र्यासारखा वाजतो. आपले दोन कान सारखे नसतात. डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी टोपी लागली तर खुशाल लावा.

महात्मा गांधी रोडला घ्यायला जाल तेव्हा एक गाणं ठरवून जा, तोंडपाठ असलेलं. आपल्याकडे त्याला तोटा नाही. वामनदादा कर्डक आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांचं एखादं गीत अलीकडच्या गायकाने चांगल्या स्टुडिओत गायलेलं निवडा. जुन्या मुद्रणात मुळातच खरखर असते, मग दोष हेडफोनचा की मुद्रणाचा ते कळत नाही. आवाज अर्ध्यावर ठेवा. शब्द न् शब्द सुटा येतो का? ढोलकीची जाड बाजू आणि टिपेची बाजू वेगळी कळते का, की नुसतं धुम्म धुम्म गायकाला झाकतंय? कोरस एका कानात जास्त येतो का? मग शिकवणीचा एक व्हिडिओ लावा, कारण वापर त्याचाच जास्त होणार. पिन हळूच फिरवून बघा, खरखर आली तर तो नग परत ठेवा. नुसता धमाका देणारा हेडफोन दुकानात छान वाटतो आणि तासाभराने डोकं धरतं.

खोक्यावरच्या आकड्यांना फसू नका. २० ते २०,००० हर्ट्झ हे जवळपास सगळेच छापतात. माणसाच्या कानाची झेपच तेवढी, त्यातून आवाजाची प्रत कळत नाही. 'ईएनसी' लिहिलेलं असेल तर ते माइकसाठी असतं. समोरच्याला तुमच्याकडचा गोंगाट कमी ऐकू येतो, तुम्हाला नाही. ब्लूटूथवाला घेत असाल तर खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचा 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये टाकून तपासता येतो. हातगाडीवर दीडशेला मोठ्या कंपनीचं नाव मिळत असेल तर ते नाव नकली समजा.

पाचशे-सहाशेच्या आत टोप्यांचा वायरवाला चांगला हेडफोन मिळतो. लहान मुलांना मात्र कानात घालायचा देऊ नका, कानावर बसणारा डोक्याचा द्या. सोनीचा 'झेडएक्स ११०' अशा जातीचा, साधा आणि हलका आहे. विहाराच्या अभ्यासिकेत चार-पाच जणांत वापरायलाही डोक्याचाच बरा, गादी पुसली की झालं. कानात जाणाऱ्या टोप्या मात्र भावाभावांतही अदलाबदल करू नयेत. आठवड्यातून एकदा टोप्या काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवून लावा.

ज्याचा कान वाहतो, त्याने कान बरा होईपर्यंत कानात काही घालू नये. हेडफोन नाही, काडी नाही, आणि आजीने कढवलेलं तेलही नाही. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट आत जातं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत प्रेसवर काम करणाऱ्यांनी यंत्राच्या आवाजावर मात करायला गाणी लावू नयेत, तिथे कानाचे बोळे वापरावेत. रस्त्यावर आणि रेल्वे रुळाजवळ दोन्ही कान मोकळे हवेत.

कानात शिट्टी किंवा भुणभुण दुसऱ्या दिवशीही राहिली, टीव्हीचा आवाज घरात फक्त एकालाच कमी वाटू लागला, किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा. अचानक गेलेल्या कानाला पहिले काही दिवसच उपचार लागू पडतात, त्यामुळे "बघू पुढच्या आठवड्यात" करू नका, त्याच दिवशी जा.