प्रार्थनेत पुढे कोण?

सुरतेत आमच्या घरी रोज रात्री रोजरी होते आणि ती पपाच सुरू करतात. ख्रिस्ती कुटुंबात बाप हा आध्यात्मिक पुढारी, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण पुढारी म्हणजे हुकूम सोडणारा का? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हा प्रश्न मला छळत राहिला.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. निर्णय एकट्याचा, घर मात्र दोघांचं मोडलं. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे संसार पुन्हा जुळला, तरी टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातली शिवाशिव हळूहळू गेली आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनीच. मला टिळकांचं पुढारपण त्या थांबण्यात दिसतं.

टिळक प्रॉटेस्टंट होते, पण आपली कॅथलिक शिकवणही याच्या जवळची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटलं आणि मुलांना श्रद्धा देण्याचं पहिलं काम आईवडील दोघांवर सोपवलं, शब्दानं आणि उदाहरणानं. संत योसेफाचा तर एकही शब्द शुभवर्तमानांत नाही. आहे ती फक्त त्याची कृती.

मध्यंतरी मी रोजरीला बसणं सोडलं होतं. पपा काही बोलले नाहीत. माझी जपमाळ मात्र रोज माझ्या जागेवर ठेवायचे. परवा मी पुन्हा बसले.