मनगटी घड्याळाची पारख



नोकरीच्या पहिल्या वर्षात साठवलेल्या पैशांतून एखादे देखणे मनगटी घड्याळ घ्यावे, असा चिरंजीव पुतण्याचा मनोदय असल्याचे समजले, आणि खरेदीपूर्वी त्याचे गुणदोष वडीलधाऱ्यांनी तोलून सांगावेत ही त्याची इच्छाही समाधान देणारी आहे. वेळ सांगण्याचे काम आज खिशातील मोबाइल बिनचूक करत असल्यामुळे घड्याळावर होणारा बहुतेक खर्च शोभेसाठीच होतो, हे प्रथम मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शोभेसाठी पैसे मोजण्यात गैर काहीच नाही. मात्र जी शोभा विकत घ्यायची ती प्रामाणिक आहे की नुसती दिखाऊ, आणि ती दहा वर्षे टिकणारी आहे की दोन पावसाळ्यांत उतरणारी, याचा निवाडा पैसे देण्याआधी व्हायला हवा. दुकानातील दिव्यांखाली सगळीच घड्याळे चमकतात. त्यांच्यातील खरा फरक धातू, काच, यंत्र आणि पाण्याला असलेला अटकाव या गोष्टींत असतो, म्हणून या पत्राचा भर त्यांवरच आहे.

जमेची बाजू आधी पाहावी. पुरुषाच्या अंगावर फारसे दागिने नसण्याच्या काळात कचेरीपासून लग्नकार्यापर्यंत कुठेही विनासंकोच वापरता येणारी नीटस वस्तू म्हणजे घड्याळ होय. बैठकीत मोबाइल बाहेर काढून वेळ पाहिली तर समोरच्याला तो अनादर वाटतो, शिवाय पडद्यावरील निरोपांत मन गुंतते. मनगटाकडे टाकलेल्या ओझरत्या नजरेने हे दोन्ही टळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घड्याळांची जी रूपे देखणी म्हणून टिकली, त्यांतील अनेक गरजेतून जन्मलेली आहेत. उड्डाण करताना दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून ब्राझीलचे वैमानिक आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांच्यासाठी पॅरिसच्या कार्तिए या पेढीने 1904 मध्ये चौकोनी मनगटी घड्याळ घडवले. तेव्हा पुरुषांची रीत खिशातील साखळीच्या घड्याळाची होती, आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांना हीच सोय हवीशी झाल्यावर मनगटी घड्याळ पुरुषवर्गात रूढ झाले. भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळताना फुटत, म्हणून जिची पेटी उलटी फिरवून काच आतल्या बाजूस लपवता येते असे ‘रिव्हर्सो’ हे घड्याळ 1931 मध्ये निघाले आणि ते आजही तयार होते. यातून पारखीचे पहिले सूत्र हाती येते: घड्याळावर जे जे नजरेत भरते, ते काही काम करते का, असा प्रश्न विचारावा.

हे सूत्र बाजारात लगेच उपयोगी पडते. तरुणांना भुरळ घालणाऱ्या घड्याळांत मोठ्या तबकडीच्या पोटात दोन-तीन छोट्या तबकड्या असतात आणि कडेला दोन बटणे असतात. बटण दाबून सेकंद व मिनिटे मोजता येणाऱ्या या प्रकाराला क्रोनोग्राफ म्हणतात. त्याच्या काठावर कधी टॅकीमीटर नावाची अंकपट्टी असते, जिच्या आधारे वेग कळतो: एक किलोमीटर अंतर कापायला 36 सेकंद लागले, तर काटा 100 या आकड्यापाशी येतो आणि वेग ताशी 100 किलोमीटर ठरतो. पाणबुड्यांसाठी केलेल्या घड्याळाभोवतीचे फिरते कडे, म्हणजे बेझल, पाण्याखाली गेलेली मिनिटे मोजण्यासाठी असते आणि ते एकाच दिशेने फिरते, कारण धक्का लागून ते सरकले तरी उरलेला वेळ कमीच दिसावा आणि पाणबुड्याच्या जिवाला धोका होऊ नये, अशी ती योजना आहे. ही अंगे खरोखर चालत असतील तर त्यांची शोभा मानाची आहे; परंतु काही स्वस्त घड्याळांत छोट्या तबकड्या केवळ छापलेल्या असतात, त्यांचे काटे हलत नाहीत आणि बटणे दाबल्यास काहीच घडत नाही. असे घड्याळ कितीही झोकदार दिसले तरी चिरंजीवाने ते खाली ठेवावे. हाच न्याय नामांकित घड्याळांच्या ‘फर्स्ट कॉपी’लाही लागू आहे, कारण तिथे तर तबकडीवरील नावच खोटे असते.

यंत्राच्या बाबतीत निवड मुख्यतः दोन प्रकारांत होते. पहिला प्रकार क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारा. त्यात स्फटिकाचा एक सूक्ष्म तुकडा विजेमुळे सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, आणि ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, म्हणून त्या कंपनांतून विद्युतमंडल सेकंदाला एक ठोका काढू शकते. जपानच्या सेइको कंपनीने 25 डिसेंबर 1969 रोजी ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले, तेव्हा त्याची किंमत 4,50,000 येन होती. आज तेच तंत्र साध्या घड्याळातही मिळते आणि महिन्याला सुमारे 15 सेकंदांच्या आत वेळ राखते. भारतात 1984 मध्ये स्थापन झालेल्या टायटनने याच तंत्रावर भर दिला आणि 2002 च्या ‘एज’ या घड्याळात सर्व पेटीची जाडी सुमारे साडेतीन मिलिमीटरवर आणून दाखवली.

दुसरा प्रकार यांत्रिक घड्याळाचा. त्यात गुंडाळलेली कमान हळूहळू सुटते, तिची शक्ती दातेरी चाकांतून पुढे जाते आणि केसासारख्या बारीक स्प्रिंगवर मागेपुढे झुलणारे एक चाक, ज्याला बॅलन्स व्हील म्हणतात, त्या शक्तीचे सारखे ठोके पाडते. चावी रोज हाताने द्यावी लागते किंवा, ऑटोमॅटिक असल्यास, हात हलताना आतले वजनदार चक्र फिरून ती आपोआप दिली जाते. अनेक यांत्रिक घड्याळे तासाला 28,800, म्हणजे सेकंदाला आठ ठोके देतात, त्यामुळे सेकंदकाटा उड्या न मारता सरकल्यासारखा दिसतो, आणि हे दृश्य मन मोहून घेणारे आहे यात शंका नाही. दिवसाच्या 86,400 सेकंदांत अशा यंत्राची 10 सेकंदांची चूक झाली तर ती शेकडा 0.012 पेक्षाही कमी भरते, आणि नुसत्या कमान-चाकांनी इतके साधावे ही माणसाच्या कारागिरीची मोठीच कमाई आहे. तरीही व्यवहारात तेच घड्याळ आठवड्याला मिनिटभर पुढे जाऊ शकते, दोन दिवस काढून ठेवले की बंद पडते, मोबाइलच्या स्पीकरसारख्या चुंबकाजवळ ठेवल्यास वेडेवाकडे धावते आणि चार-पाच वर्षांनी उघडून साफ करून तेलपाणी करावे लागते. या कामाचा खर्च कधी घड्याळाच्या किमतीच्या जवळ जातो. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि तिची चावीची घड्याळे आजही जाणत्या घड्याळजीच्या हातून पुन्हा चालू होतात, हा यांत्रिक प्रकाराचा मोठा गुण आहे. पण 2016 मध्ये त्या कंपनीचा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला आणि सुटे भाग जुन्या घड्याळांतून काढून वापरण्याची वेळ आली, ही त्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी.

आता पेटीकडे वळावे, कारण फसगत सर्वाधिक इथेच होते. घड्याळ पालथे करून झाकणावरील अक्षरे वाचावीत. तिथे ‘स्टेनलेस स्टील बॅक’ एवढेच कोरलेले असेल, तर पोलाद बहुधा फक्त झाकणापुरते आहे आणि बाकीची पेटी पितळेची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची असून तिला वरून मुलामा दिला आहे, असे समजावे. पट्टा जिथे अडकतो त्या चार टोकांच्या कडा, ज्यांना लग म्हणतात, आणि मनगटाला घासणारी खालची बाजू या ठिकाणी मुलामा सर्वांत आधी उडतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत व घामात तर हे फार लवकर घडते. उलट संपूर्ण पेटी 316 एल जातीच्या पोलादाची असेल, तर त्यातील मॉलिब्डेनम या धातूमुळे ती घामातील व समुद्राच्या हवेतील क्षारांना अधिक काळ दाद देत नाही. काचेचेही असेच आहे. साधी खनिज काच स्वस्त असते, परंतु धुळीतील वाळूचे कण तिच्यापेक्षा कठीण असल्यामुळे तिच्यावर ओरखडे उठतात. सफायर काच म्हणजे कृत्रिमरीत्या वाढवलेला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक, ज्याची कठिणता हिऱ्याच्या 10 या मापाशी तुलना करता 9 आहे. तीवर ओरखडा सहसा उठत नाही, मात्र जोराचा आघात झाला तर ती तडकू शकते.

झाकणावर ‘30 मीटर’ असे लिहिलेले घड्याळ तीस मीटर खोल पाण्यात नेता येते, हा समज चुकीचा आहे. तो आकडा स्थिर पाण्याच्या दाबाचा असतो. पोहताना हात आपटण्याचा दाब आणि रबरी कड्यांची झीज त्यात धरलेली नसते. तीस मीटरचे घड्याळ पावसाचे शिंतोडे व हात धुणे एवढेच सोसते, आणि निर्धास्त पोहायचे असेल तर शंभर मीटरचे घ्यावे. गरम पाण्याच्या अंघोळीपासून मात्र कोणतेही घड्याळ दूर ठेवावे. सेल बदलताना झाकण उघडते, म्हणून त्याच वेळी रबरी कडे तपासून घ्यावे; रस्त्याच्या कडेला पाच मिनिटांत बदललेल्या सेलनंतर पहिल्याच पावसात काचेआड वाफ धरते ती याच दुर्लक्षामुळे.

आकाराबाबत प्रथा बदलत राहते, मनगट मात्र बदलत नाही. घड्याळाचा व्यास पाहण्याऐवजी वरच्या लगपासून खालच्या लगपर्यंतची लांबी मनगटाच्या सपाट भागाबाहेर जात नाही ना, हे आरशासमोर उभे राहून पाहावे. साधारण 16 ते 17 सेंटीमीटर घेराच्या मनगटाला 38 ते 40 मिलिमीटर व्यासाचे घड्याळ नीट बसते आणि शर्टाच्या बाहीखाली सहज जाते. पट्ट्याची रुंदी 18, 20 किंवा 22 मिलिमीटर अशी प्रचलित मापाची असावी, म्हणजे चामड्याचा पट्टा पावसाळ्यात काढून रबरी पट्टा किंवा स्टीलची चेन लावता येते.

शेवटचा विचार पैशांचा. कपड्यांच्या प्रसिद्ध नाममुद्रा तबकडीवर मिरवणाऱ्या घड्याळांत अनेकदा बाहेरून विकत घेतलेले सर्वसाधारण क्वार्ट्झ यंत्र असते. ते वाईट नसते, परंतु किमतीचा मोठा वाटा नावासाठी जातो. ‘घड्याळ म्हणजे गुंतवणूक’ हे विक्रेत्याचे वाक्य अशा घड्याळांना मुळीच लागू पडत नाही, कारण दुकानाबाहेर पडताच त्यांचे मोल उतरते. म्हणून मासिक हप्त्यांवर शोभेची वस्तू घेऊ नये, एवढा नियम चिरंजीवाने आयुष्यभर पाळला तरी पुष्कळ झाले.

सारांश असा की चिरंजीवाने संपूर्ण पोलादी पेटीचे, सफायर काचेचे, तीन काट्यांचे, निदान पन्नास मीटर अटकाव असलेले आणि ज्याचे दुरुस्ती केंद्र स्वतःच्या शहरात आहे असे क्वार्ट्झ घड्याळ घ्यावे. यंत्राच्या कारागिरीवरच जीव जडला असेल तर ऑटोमॅटिक घेण्यास हरकत नाही, मात्र साफसफाईची रक्कम आजच बाजूला काढावी आणि रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख हाताने बदलू नये, कारण त्या वेळी तारखेची चाके एकमेकांत गुंतलेली असतात व दात तुटण्याचा संभव असतो. दोन्हींपैकी काहीही घेतले तरी ते रोज वापरावे, कपाटात जपून ठेवू नये. आणि दुसऱ्याच्या मनगटावर काय आहे यावरून त्याची पत ठरवण्याची सवय स्वतःस कधीही लागू देऊ नये, कारण महाग घड्याळाने माणसाचे होणारे सर्वांत मोठे नुकसान तेच आहे.



काका