उतारशाळेच्या रक्षकाचे वेतन

शास्त्रभाग : लूक १०:२५-३७, निर्गम १८:१३-२३, अनुवाद २४:१४-१५

चांगल्या शोमरोन्याचा दाखला शब्बाथ शाळेत शिकवला गेला नाही असे वर्ष बहुधा जात नसेल. याजक, लेवी आणि शोमरोनी या तिघांवर आपण पुष्कळ बोलतो. यरीहोच्या वाटेवर आणखी एक मनुष्य होता, त्याच्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक. शोमरोन्याने जखमा बांधल्या, तेल व द्राक्षारस ओतला, एक रात्र शुश्रूषा केली आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेने गेला. त्यानंतरचे दिवस जखमा धुणे, पाणी पाजणे, रात्री कण्हणे ऐकून उठणे, हे सारे कोणी केले? आजच्या भाषेत सांगायचे तर तो रक्षक ड्यूटीवर होता.

येथे शोमरोन्याने काय केले ते नीट पाहावे. त्याने रक्षकाला सेवाभावावर प्रवचन दिले नाही. त्याने दोन दीनार काढून हातावर ठेवले. मत्तय २० मधील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एक दीनार हा मजुराचा एका दिवसाचा रोज आहे. म्हणजे ही दोन दिवसांची मजुरी झाली. शिवाय जास्त खर्च झाल्यास परत येताना तो भरून देण्याचे वचन त्याने दिले. प्रभूने हा तपशील दाखल्यात उगाच घातला असे आम्हांस वाटत नाही. दया आणि रास्त वेतन यांत विरोध नाही हे त्यात स्पष्ट दिसते.

आपल्या मंडळ्यांत हा प्रश्न घरोघरीचा आहे. बेळगावपासून फार दूर नसलेल्या मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उभे केले आणि पुढे तेथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी १९०९ साली परिचारिकांची शाळा काढली. त्या काळी परक्या माणसाच्या मलमूत्राला व रक्ताला हात लावणे विटाळाचे मानले जाई आणि चांगल्या घरच्या मुली या कामास पाठवत नसत. म्हणून पहिल्या पिढ्यांत ख्रिस्ती मुलींचा भरणा फार मोठा होता. आज बेळगाव, वडोदरा, इंदूर, हैदराबाद, कोठेही जा. मराठी मंडळीत एखादी नर्स, निवृत्त मेट्रन किंवा परिचारिकेचे शिक्षण घेणारी मुलगी भेटतेच.

पण या अभिमानाच्या गोष्टीतच एक कमजोरी लपली आहे. 'सेवा' हा शब्द आपण इतक्या वेळा वापरला की त्याच्या आड पगाराचा प्रश्न झाकला गेला. सेवेसाठी आलात ना, मग वेतनाचे काय विचारता, असे म्हणणाऱ्यांत आपल्या संस्थांचे विश्वस्तही असतात. अनुवाद २४ मध्ये गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असे फर्मावले आहे, कारण त्याचे चित्त तिच्याकडे लागलेले असते. मालक धार्मिक असेल तर त्याला सवलत द्यावी असे तेथे कोठेही लिहिलेले नाही.

खाजगी इस्पितळांतील पगाराचा प्रश्न ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया या १९०८ साली स्थापन झालेल्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीच्या शिफारशी प्रत्येक नर्सच्या घरी माहीत असाव्यात. २०० पेक्षा जास्त खाटांच्या खाजगी इस्पितळात त्या राज्यातील सरकारी नर्सइतका पगार असावा. १०० पेक्षा जास्त खाटा असतील तर तो सरकारी पगारापेक्षा फार तर १० टक्के कमी असावा, ५० ते १०० खाटा असतील तर फार तर २५ टक्के कमी. ५० पेक्षा लहान इस्पितळातही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावा. रजा, कामाचे तास, वैद्यकीय सोयी व राहण्याची व्यवस्थाही सरकारी नोकरीप्रमाणे असावी असे समितीने सुचवले. मात्र आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अंमल राज्यांवर सोपवला गेला, आणि पुष्कळ ठिकाणी तो कागदावरच राहिला.

पगारापेक्षाही जास्त बोलणे निघते ते कामाच्या भाराविषयी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांप्रमाणे सर्वसाधारण इस्पितळाच्या साध्या वॉर्डात पाच रोग्यांमागे एक आणि शिकवणाऱ्या इस्पितळात तीन रोग्यांमागे एक परिचारिका असावी. रात्रपाळीला तीस-चाळीस खाटांना आपण एकटीच असतो असे आम्हांस एकीने नव्हे, अनेकींनी सांगितले आहे. अशा वेळी एखाद्या रोग्याचे इंजेक्शन उशिरा झाले तर नातेवाईक ओरडतात ते तिच्यावर, खाटा वाढवणाऱ्यावर नाही.

निर्गम १८ येथे उपयोगी पडतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करीत बसे. इथ्रोने ते पाहिले, पण त्याच्या निष्ठेची स्तुती केली नाही. हे बरे नव्हे, अशाने तू आणि लोक दोघेही झिजून जाल, असा त्याचा अभिप्राय होता. मग त्याने हजार, शंभर, पन्नास आणि शेवटी दहा माणसांवर एक अधिकारी नेमण्याचा सल्ला दिला. (दहांवर एक! आमच्या कित्येक वॉर्डांना रानातल्या इस्राएलाइतके मनुष्यबळ मिळाले तरी पुरे.) तेव्हा जादा माणसे मागणारी नर्स ही कामचुकार आहे किंवा तिचा विश्वास कमी पडला असे समजू नये.

सुरक्षिततेचा विषय टाळून चालणार नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. इस्पितळात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तेथल्याच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या इस्पितळातील परिचारिकांनी पिढ्यान्पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. आता २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान दवाखान्यातील स्त्री जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत, लेखी द्यावी लागते. मुलगी घरी येऊन रडते तेव्हा "गप्प राहा, नोकरी जाईल" म्हणणारी आई आणि "मंडळीचे नाव खराब होईल" म्हणणारे वडील या तीन महिन्यांतले दोन खाऊन टाकतात.

सुई टोचण्याविषयीही सांगून ठेवू. वापरलेली सुई हाताला लागल्यास जखम दाबू नये, बोट तोंडात घालू नये. साबण व वाहत्या पाण्याने धुवावे आणि ताबडतोब कळवावे. एच.आय.व्ही. रोखणारी औषधे शक्यतो दोन तासांत, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. हेपटायटिस बी ची लस कामाला लागण्यापूर्वीच पूर्ण घ्यावी. हे शिक्षणात शिकवलेले असते, पण वरिष्ठ रागावतील या भीतीने लपवले जाते.

बॉण्ड आणि मूळ प्रमाणपत्रे ही दुसरी अडचण. २०११-१२ च्या सुमारास मुंबई, दिल्ली व केरळातील खाजगी इस्पितळांतल्या नर्सांनी संप केले, त्यामागे हे एक मोठे कारण होते. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही कपाटात ठेवू नयेत. दाखवावीत, प्रत द्यावी, मूळ परत आणावे. परदेशी जाणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावे. आखाती देशांच्या भरतीत मुलींची इतकी लूट झाली की २०१५ साली केंद्र सरकारला ही भरती सरकारी संस्थांमार्फतच करण्याचा नियम काढावा लागला. ई-मायग्रेट व्यवस्थेत एजंटाची नोंद आहे की नाही हे पाहिल्याशिवाय घर गहाण टाकून त्याला पैसे देऊ नयेत, मग तो कितीही प्रार्थना करणारा असो.

आता इस्पितळ सोडून घराकडे येऊ. लग्न ठरवताना नर्स मुलीच्या पगाराची चौकशी अगत्याने होते आणि रात्रपाळीबद्दल नाक मुरडले जाते. रात्रभर उभी राहून सून सकाळी आठला येते, तेव्हा चूल तिची वाट पाहत असते. १ राजे १९ मध्ये एलीया थकून मरण मागू लागला. देवदूताने त्याला बोध केला नाही. झोपू दिले, उठवून भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. होरेबाची वाट त्यानंतरची. हा शास्त्रभाग सासूबाईंच्या वर्गात एकदा अवश्य घ्यावा, आणि पुरुषांच्या वर्गात दोनदा.

शिक्षकांसाठी थोडे. मोठ्या मुलांच्या वर्गात हा पाठ घेताना मंडळीतील एखाद्या नर्स भगिनीला बोलवावे आणि तिच्या एका पाळीचे वेळापत्रक तिच्याच तोंडून ऐकावे. प्रश्न मुलांना विचारू द्यावेत. रविवारी सकाळची पाळी असेल तर वर्ग संध्याकाळी ठेवावा. उपासनेस ती दिसत नाही म्हणून नाव न घेता टोमणे मारण्याची सवय काही व्यासपीठांना आहे. त्याऐवजी पाळकांनी महिन्यातून एकदा नर्सांच्या वसतिगृहात जाऊन प्रभुभोजन द्यावे. भेटीस जाणाऱ्या महिला मंडळाने एवढेच पाहावे की रात्रपाळी करून आलेल्या भगिनीच्या दारावर सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात थाप मारू नये.