कुंभारीच्या अंगणातील वसंत

थंड प्रदेशांतील उद्यानशास्त्र वसंताला लागवडीचा आरंभ मानते, कारण हिवाळ्यात गोठलेली जमीन तेव्हा मोकळी होते आणि पुढचा सौम्य उन्हाळा रोपाला वाढीसाठी मिळतो; सोलापूर शहरालगतच्या कुंभारीत हेच वेळापत्रक पाळले, तर फाल्गुनात हौसेने लावलेले रोप बहुधा वैशाख पाहत नाही. या गावाच्या परिसरात २००६ मध्ये विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची सुमारे १०,००० घरांची वसाहत उभी राहिली आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगर या वसाहतीतील १५,००० घरांचे लोकार्पण झाले. अशा नव्या वसाहतीत दारापुढे जास्वंद, कढीपत्ता, तुळस लावण्याची इच्छा स्वाभाविक असली, तरी बांधकामाने वर आलेल्या मुरमात आणि मोजून वापरायच्या पाण्यावर ती भागवावी लागते.

नवख्याला फसवतो तो ऋतूचा देखावा. चैत्रात कडुनिंब मोहरतो, करंज कोवळ्या पालवीने चमकतो, आणि हवा साऱ्याच झाडांना मानवत असावी असा समज होतो. वास्तविक या वृक्षांची मुळे वर्षानुवर्षे खोल ओलाव्यापर्यंत उतरलेली असतात, तर पिशवीतून नुकत्याच काढलेल्या रोपाची मुळे त्या मूठभर मातीच्या गोळ्यातच असतात आणि पारा चाळिशीपार गेल्यावर पानांतून उडणारे पाणी ती भरून काढू शकत नाहीत. त्यावर रोज तांब्याभर पाणी शिंपडण्याचा उपाय उलट अपायकारक ठरतो, कारण ओल वरच्याच थरात राहिल्याने मुळेही वरच घोटाळतात आणि कूपनलिकेचे पाणी खारे असल्यास बाष्पीभवनानंतर मागे उरलेला क्षार त्याच थरात साठतो.

थंड देशात झाडाला विश्रांती देते ती थंडी; सोलापूरकडे हे काम पाणी तोडून करावे लागते, ज्याला बागायतदार ‘ताण देणे’ म्हणतात, आणि ताणानंतर छाटणी, खत व पाणी देऊन एकदम फुलोरा आणण्यास ‘बहार धरणे’ म्हणतात. केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असलेल्या या जिल्ह्यात, जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहार शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही, परंतु तोच न्याय अंगणातील मोगऱ्यालाही लागू आहे हे पुष्कळदा विसरले जाते आणि बारमाही पाणी पिऊन झुडूप नुसते पानांनी माजते. मोगऱ्याचे पाणी पौषात तोडावे, छाटणीनंतर शेणखत घालून आळे भरावे. उन्हाळ्यातील कळ्या त्याच विश्रांतीतून येतात. जुन्या झाडांच्या आळ्यात उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला चार बोटे जाड पसरावा, मात्र खोडाला टेकवू नये. या आच्छादनाने पाण्याची जेवढी बचत होते, तेवढी दुसऱ्या कोणत्याही स्वस्त उपायाने होत नाही.

कुंभारीत फाल्गुनात रोप लावण्याची जी घाई होते, तिच्या उलट घाई टोरांटोसारख्या थंड शहरांतील मराठी कुटुंबांकडून होते: एप्रिलचे ऊन पाहून घरात जपलेला कढीपत्ता बाहेर ठेवला जातो आणि एका गोठवणाऱ्या रात्रीत काळा पडतो. तेथील जुने बागकर्मी मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातील व्हिक्टोरिया दिनापर्यंत थांबतात, आणि त्यानंतरही कुंडी आधी सावलीत, मग काही तास उन्हात ठेवून रोप हळूहळू कणखर करतात.

कुंभारीत वाट पाहायची ती पावसाची. मृगाच्या पहिल्या सरींवरही विसंबू नये, कारण सोलापुरात पावसाचा जोर पुष्कळदा सप्टेंबरात असतो आणि जूनमधील एखाद्या सरीनंतर लांबच लांब उघडीप पडू शकते. खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत, जमीन हातभर खोल भिजल्यावर रोप लावावे, म्हणजे परतीच्या पावसापर्यंत मुळे पसरतात. पुढच्या उन्हाळ्यात त्याला पश्चिमेकडून आडोसा लागतो, त्यासाठी दोन काठ्यांना बांधलेली जुनी साडीही पुरते.