प्रवाळांच्या टाकीत कार्बन: किती आणि कधी?

प्रश्न : माझी 200 लिटरची प्रवाळांची टाकी आहे. पाणी पिवळसर दिसतं. ॲक्टिव्हेटेड कार्बन कायम ठेवावा का?

उत्तर : ठेवा, पण बेताने. पिवळेपणा विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांचा असतो आणि ती कार्बनच्या सूक्ष्म छिद्रांत धरली जातात. खात्रीसाठी टाकीतलं पाणी आणि नवं खारं पाणी दोन पांढऱ्या बादल्यांत शेजारी ठेवून पाहा. दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. लेदर कोरलसारखे मऊ प्रवाळ शेजाऱ्यांना मागे रेटायला पाण्यात विषारी द्रव्यं सोडतात. मऊ आणि कठीण प्रवाळ एकत्र असतील, तर ती द्रव्यं कमी करायला कार्बन हवाच. नायट्रेट मात्र त्याने उतरत नाही. त्यासाठी पाणी बदलणं आलंच.

घाई इथेच नडते. एकदम भरपूर कार्बन टाकला की पाणी स्वच्छ होतं, प्रकाश खोलवर पोचतो आणि सवय नसलेले प्रवाळ पांढरे पडू शकतात. म्हणून पाव कपाने सुरुवात करा, दिव्यांची तीव्रता आठवडाभर थोडी कमी ठेवा आणि मग अर्ध्या कपावर जा.

कार्बन आधी आरओच्या पाण्यात काळी भुकटी निघून जाईपर्यंत धुवा. ही काळजी उगाच नाही : सर्जनफिशवर झालेल्या प्रयोगात लिग्नाइट कोळशापासून बनवलेल्या कार्बनमुळे डोक्यावर आणि अंगावरच्या रेषेत कातडी झिजल्याचं दिसलं आहे. जाळीच्या पिशवीत भरून वाहत्या पाण्यात ठेवा, तीन-चार आठवड्यांनी बदला. औषध चालू असताना तेवढा काढून ठेवा, नाहीतर औषधच शोषलं जाईल.